जुन्या गिलाव्याची आणि रंगांची लॅब टेस्ट: भिंत एकच, लॅब दोन, उत्तरं वेगळी

आधीच सांगतो, दोन्ही लॅबची नावं टाकणार नाहीये, मेसेज करून पण विचारू नका. पहिलीबद्दल जे लिहिणार आहे ते नाव घेऊन लिहिण्यासारखं नाही, आणि दुसरीचं नाव टाकलं की पहिली कोण हे या लाइनमधले लोक दोन मिनिटांत काढतील, फार छोटी दुनिया आहे ही. त्यामुळे हा रिव्ह्यू लॅबचा कमी आणि या सर्व्हिसचा जास्त समजा. म्हणजे जुना गिलावा आणि त्यावरचे रंग लॅबमधून तपासून घ्यायचे तर आपण नक्की काय विकत घेतो, पैसे कुठे बुडतात, आणि रिपोर्ट हातात आल्यावर त्याचं करायचं काय.

बॅकग्राउंड थोडक्यात. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. एक चित्रांची भिंत होती, खाली मातीचा जाड गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. बुडाला ओल चढून प्लास्टर फुगलेलं, आणि तिथेच कुणीतरी कधीकाळी सिमेंटने डागडुजी करून ठेवलेली (ही कधीकाळीवाली सिमेंटची डागडुजी प्रत्येक साइटवर असते, ती करणारा माणूस मात्र आजवर कुणालाही सापडलेला नाही). चित्रात एका बाईचं वस्त्र पूर्ण काळं पडलेलं, आणि मागच्या बाजूला निळा रंग, काही ठिकाणी खोल निळा, काही ठिकाणी जरा जास्तच गुळगुळीत निळा. मला तीन गोष्टी ठरवायच्या होत्या. दुरुस्तीला कुठलं मिश्रण वापरायचं, ते काळं साफ करायचं की नाही, आणि निळ्यातलं मूळ किती आणि नंतर कुणी मारलेलं किती. लेखी परवानगी घेऊन सहा सॅम्पल काढली, तीन प्लास्टरची, तीन रंगाची. परवानगीचं मुद्दाम लिहितोय कारण लोक बिनधास्त कटर लावतात आणि मग लॅबवाल्याला विचारतात टेस्ट होईल का, बाबांनो आधी कागद, मग कटर.

आता पहिली लॅब. यांचा मुख्य धंदा काँक्रीटचे क्यूब फोडायचा, वेबसाइटवर हेरिटेज मटेरियल टेस्टिंग म्हणून एक पान. कोटेशन त्याच दिवशी आलं, रिपोर्ट आठव्या दिवशी मेलवर, मी पण खूश, म्हटलं एवढं फास्ट कुणी करत नाही. चार पानं होती, त्यातलं पहिलं कव्हर आणि शेवटचं डिस्क्लेमर. मधल्या दोन पानांत एक्सआरएफचं टेबल, म्हणजे कुठलं मूलद्रव्य किती टक्के, आणि एक्सआरडीचे ग्राफ, म्हणजे कुठली खनिजं सापडली, आणि तळाला तीन ओळींचा निष्कर्ष. प्लास्टर जिप्समयुक्त. काळा थर शिसेयुक्त, बहुधा धूर व प्रदूषण. निळ्या सॅम्पलमध्ये ओळखण्याजोगं रंगद्रव्य आढळलं नाही.

आढळलं नाही म्हणजे काय? दहा फुटांवरून चष्मा न लावता निळं दिसतंय मला!

फोन केला. पलीकडे एक मुलगा, बोलायला एकदम नम्र, चूक त्याची नव्हतीच म्हणा, त्याने सांगितलं सर आपण प्रोसिजरप्रमाणे सॅम्पल पूर्ण बारीक करून घेतो. म्हणजे मी जो तुकडा दिला, ज्यात माती, चुना, रंग, वरचं व्हार्निश असे चार थर एकावर एक होते, तो खलबत्त्यात घालून सगळ्याची एकच भुकटी केलेली. अख्खं पुस्तक दळून काढायचं आणि मग सांगायचं की यात इतके टक्के कागद आणि नगण्य शाई आहे, तसला प्रकार. रंगाचा थर असतो किती, मिलिमीटरचा दहावा-विसावा भाग, तो त्या मातीत हरवणारच.

निळ्याचं तर अजून मजेशीर. हे मला नंतर कळलं पण इथेच सांगतो. लाजवर्द, म्हणजे निळा दगड कुटून केलेला रंग, त्यात असतं सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि गंधक, सगळी हलकी मूलद्रव्यं. एक्सआरएफला जड मूलद्रव्यं छान दिसतात, लोह, तांबं, शिसं, पारा असलं काही असेल तर लगेच, पण हलक्यांवरून येणारे एक्स-रे इतके दुबळे असतात की मधल्या हवेतच विरतात. साध्या एक्सआरएफला सोडियम दिसतच नाही, बाकीचे तिघं जेमतेम. सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम मातीत पण असतातच, त्यामुळे ते मातीच्या खात्यात गेले, आणि गंधक दिसलं ते यांनी जिप्समच्या नावावर जमा करून टाकलं! तांबं नाही, कोबाल्ट नाही, मग निळं नाहीच, संपला विषय. मशीन खोटं बोललं नव्हतं, फक्त त्याला जे विचारायला नको ते विचारलेलं.

मग एका सिनिअर मित्राने दुसरी लॅब सुचवली. तिथे फॉर्म भरायच्या आधी बाईंचा स्वतःचा फोन आला (त्याच हेड आहेत हे नंतर कळलं) आणि पहिला प्रश्न, तुम्हाला ठरवायचं काय आहे? मी म्हटलं मॅडम पूर्ण अनॅलिसिस करायचंय. त्या म्हणाल्या पूर्ण अनॅलिसिस असं काही नसतं हो, तुम्ही रिपोर्ट वाचून सोमवारी भिंतीवर जाऊन काय वेगळं करणार आहात ते सांगा, मग मी टेस्ट सांगते. खरं सांगायचं तर थोडा राग आला तेव्हा, पण वीस मिनिटांच्या फोनमध्ये त्यांनी माझ्या यादीतल्या दोन महागड्या टेस्ट खोडल्या. त्यातली एक कार्बन डेटिंग. त्याची पण थिअरी सुंदर आहे, चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्यामुळे बांधकाम झालं त्या वेळची हवा त्यात अडकून बसते. पण भट्टीत नीट न भाजलेला चुनखडीचा खडा किंवा चुनखडीचीच वाळू मिश्रणात असली की तिच्यातला कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन मिसळतो आणि वय भलतंच जुनं येतं. त्यांचं म्हणणं, तुमच्या गिलाव्यात काडीकचरा आहे ना, कधी तारीख हवीच झाली तर त्या काडीची काढू, ती एकाच मोसमात उगवलेली असते.

सॅम्पल पाठवताना माझा एक गाढवपणा झाला तो लिहितो म्हणजे तुमचा होणार नाही. रंगाची सॅम्पल मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान असतात, उडून जातील म्हणून मी ती पारदर्शक टेपवर चिकटवून पाठवली, वर पुन्हा टेप. दहा दिवसांनी फोन, या चित्रावर आधी कुणी अ‍ॅक्रिलिक रेझिन मारलं होतं का? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. मग त्यांनी हळूच विचारलं, टेप कुठली वापरलीत. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाश मारून रसायन ओळखायची टेस्ट) १७३० च्या आसपास जो दणदणीत पीक, म्हणजे ग्राफवरचं टोक, दिसत होता तो माझ्या टेपच्या गोंदाचा होता. मग पुन्हा परवानगी, पुन्हा शिडी, आणि पुन्हा सॅम्पल. त्यांनी त्याचे जास्तीचे पैसे लावले नाहीत याचा एक स्टार इथेच.

आता मुख्य गोष्ट, क्रॉस-सेक्शन. मला विचाराल तर या सगळ्या सर्व्हिसमध्ये डोळे झाकून पैसे टाकावेत अशी ही एकच गोष्ट. रंगाचा कण पारदर्शक रेझिनमध्ये बसवतात, आडवा घासून पॉलिश करतात आणि मायक्रोस्कोपखाली त्याची कड बघतात. जमिनीचे थर दिसतात ना रस्त्यासाठी डोंगर कापल्यावर, तसंच, फक्त अख्खा डोंगर अर्ध्या मिलिमीटरचा. त्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली आणि काळ्या वस्त्राचं सॅम्पल लावलं. खाली चुन्याचा पांढरा थर. वर काळी-करडी कातडी. आणि मधे, अगदी झगझगीत नारिंगी दाणे!

मला दोन सेकंद कळेना काय बघतोय. मग त्या म्हणाल्या, शेंदूर. ते वस्त्र कधीच काळं नव्हतं, ते शेंदरी होतं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, ओल, उजेड आणि क्षार यांच्या तावडीत सापडला की वरून त्याचं शिशाचंच दुसरं ऑक्साइड बनतं, प्लॅटनेराइट, आणि ते काळपट तपकिरी असतं. म्हणजे पहिल्या लॅबला शिसं दिसलं ते खरंच होतं, फक्त त्यापुढे धूर व प्रदूषण हे कुणीतरी आपल्या मनाने जोडून दिलं. आता हे फक्त अकॅडमिक नाहीये, आमच्या टीमने त्या वाक्याच्या भरवशावर अमोनियम कार्बोनेटचा लेप लावून ते काळं काढायचं ठरवलं होतं, कापसाचे बोळे सुद्धा आणून ठेवलेले. काळं म्हणजे मळ नव्हता हो, तोच रंग होता, बदललेला. पुसला असता तर बाईचं वस्त्रच गेलं असतं. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत कुणाशी नीट बोललो नाही.

यातली एक टेक्निकल गंमत, ज्यांना कंटाळा येत असेल त्यांनी हा पॅरा सोडा. रंगद्रव्य पक्कं ओळखायला रामन वापरतात, लेझर मारायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशात थोडासा फरक पडतो तो मोजायचा, प्रत्येक खनिजाचा ठसा वेगळा. हा परिणाम सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधला. तर शेंदराचा सगळ्यात ठळक पीक येतो ५४८-५४९ ला, आणि लाजवर्दाचा सगळ्यात ठळक पीक येतो ५४८ ला! एक नारिंगी, एक निळा, आणि आकडा एकच. शेंदराला सोबत १२२ आणि ३९० चे पीक असतात, लाजवर्दाला १०९६ चा, त्यावरून फरक कळतो, आणि मुख्य म्हणजे डोळ्यांनी बघितलं की कळतोच. पण फक्त आकड्यांचं टेबल वाचणारा माणूस इथे सहज तोंडावर आपटेल. दुसरं म्हणजे प्लॅटनेराइटवर लेझर जरा जोरात मारला तर तो तापून पुन्हा शेंदरासारखा सिग्नल द्यायला लागतो, म्हणजे मोजता मोजता सॅम्पलच बदलायचं. म्हणून त्यांनी लेझरची पॉवर अगदी कमी ठेवली आणि वरच्या काळ्या कातडीची वेगळी एक्सआरडी करून खात्री केली. रिपोर्टमध्ये लेझरची पॉवर लिहिलेली होती, पहिल्या लॅबच्या रिपोर्टमध्ये मशीनचं नाव पण धड नव्हतं.

आता निळा. तिथे दोन सॅम्पल होती, खोल निळ्याचं एक आणि गुळगुळीत निळ्याचं एक. रामनमध्ये दोन्ही सारखेच आले, दोन्ही अल्ट्रामरीन, म्हणजे लाजवर्दातलंच निळं रंगद्रव्य. मी म्हटलं झालं, सगळं मूळचं. त्या म्हणाल्या थांबा जरा, आणि मायक्रोस्कोप लावला. पहिल्यात दाणे वेडेवाकडे, टोकदार, काही मोठे काही बारीक, मधेमधे बिनरंगाचे तुकडे आणि एकदोन ठिकाणी पायराइटची सोनेरी चमक, म्हणजे दगड कुटून केलेला लाजवर्द. दुसऱ्यात सगळे दाणे बारीक, गोलसर, एकाच मापाचे, जणू गाळून ठेवलेत. हा कारखान्यातला. कृत्रिम अल्ट्रामरीन फ्रान्समध्ये १८२८ च्या सुमारास आलं, त्यामुळे तो भाग त्याआधीचा असूच शकत नाही. शिवाय एफटीआयआरमध्ये पहिल्या सॅम्पलला २३४० च्या जवळ एक छोटा पीक मिळाला, खऱ्या लाजवर्दाच्या स्फटिकात कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, कृत्रिममध्ये तो नसतो. दगडाच्या पोटात अडकलेला वायू आपल्याला सांगतोय की मी खाणीतला, हे मला अजूनही भारी वाटतं.

हा खाणीतला लाजवर्द फार लांबून यायचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून. अजिंठ्याच्या चित्रांत पण हाच, तिथले बाकीचे रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे जवळपास मिळणारे, आणि हा एकच एवढ्या लांबचा पाहुणा. रंग तपासायची परंपरा पण जुनी आहे, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये रोम आणि पाँपेईच्या जुन्या रंगांवर पेपर लिहिला, तोच तो खाणकामगारांच्या दिव्यावाला डेव्ही. त्याच्याकडे ना रामन ना काही, अ‍ॅसिड, आग आणि डोळे, तरी त्याने इजिप्शियन निळा हा तांबं घालून भट्टीत बनवलेला काचेसारखा पदार्थ आहे हे बरोब्बर ओळखलं. त्याच निळ्याची अजून एक खुबी, लाल प्रकाश मारला की तो इन्फ्रारेडमध्ये चमकतो, ९१० नॅनोमीटरच्या आसपास, फिल्टर काढलेल्या साध्या कॅमेऱ्यात पण पांढराशुभ्र दिसतो. पार्थेनॉनच्या शिल्पांवर डोळ्यांना न दिसणारा निळा असाच सापडला, एकही कण न खरवडता. आमच्या भिंतीवर तो असण्याचा संबंध नव्हता म्हणून ती टेस्ट नाही, पण तुमचं काम जुन्या इजिप्त-ग्रीस-रोमच्या काळातलं असेल तर आधी फोटो काढा, मग सॅम्पलचं बघा.

व्हार्निशचं पण सांगतो. सगळ्या चित्रावर एक तपकिरी पापुद्रा होता. यूव्ही दिव्याखाली क्रॉस-सेक्शनची वरची कड नारिंगी चमकली, म्हणजे लाखेचं व्हार्निश, शेलॅक. अजिंठ्यात १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला असंच शेलॅक वापरलं होतं आणि पुढे ते पिवळं पडत गेलं, ते काढायला नंतर किती वर्षं घालवावी लागली. तेव्हाचं ते बेस्ट मटेरियल होतं, शिव्या द्यायचं कारण नाही, पण आपण आज जे बेस्ट म्हणून मारतोय त्याचा पण कुणीतरी असाच क्रॉस-सेक्शन काढणार आहे.

प्लास्टरकडे येतो, कारण ज्यांना प्रत्यक्ष काम करायचंय त्यांचा पैसा इथेच वसूल होतो. जिप्समचा घोळ त्यांनी एका साध्या गोष्टीने सोडवला, वेगवेगळ्या खोलीवरून सॅम्पल मागवली. वरचे पाच मिलिमीटर, मग एक सेंटिमीटर, मग तीन. वर जिप्सम भरपूर, एक सेंटिमीटरवर नावापुरतं, तीनवर शून्य. आणि तेही फक्त सिमेंटच्या डागडुजीच्या वरच्या पट्ट्यात, भिंतीच्या वरच्या भागात कुठेच नाही. म्हणजे गिलावा जिप्समचा नव्हताच, सिमेंटमधले सल्फेट ओलीबरोबर वर चढले आणि पृष्ठभागावर येऊन चुन्याशी मिळून जिप्सम झाले. पहिल्या रिपोर्टवर विसंबून मी जिप्समचं प्लास्टर मारलं असतं तर त्या ओलीत एक पावसाळा पण टिकलं नसतं, जिप्सम पाण्यात विरघळतं, चुन्याच्या कितीतरी पट. शेवटी इलाज काय निघाला, तर ते सिमेंट काढणे. एवढ्या मशीन लावून निघालं काय तर गवंडीमामा पहिल्या दिवशी जे म्हणाले होते तेच, पण मामांचं वाक्य फाइलला लावता येत नाही आणि ग्राफ लावता येतो.

चुन्याच्या थराचं त्यांनी थर्मल अनॅलिसिस केलं. सॅम्पल तापवत जायचं आणि वजन कुठे किती घटतं ते बघायचं. शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं, आणि ते साधारण ६०० अंशांच्या पुढे घडतं. त्याआधी २०० ते ६०० च्या मधे वजन घटलं तर ते बांधलेलं पाणी, म्हणजे चुन्यात सुरखी (विटेची भुकटी) किंवा तसलं काहीतरी मिसळून पाण्यातही घट्ट होणारं मिश्रण बनवलेलं. आमच्यात मधला भाग जवळपास सपाट, म्हणजे साधा हवेत घट्ट होणारा चुना. त्यामुळे तयार पाकिटातला हायड्रॉलिक, म्हणजे तसा पाण्यातही घट्ट होणारा, चुना वापरायचा मोह मी सोडला, आणि विरवून मुरवलेला चुनाच घेतला.

मातीच्या गिलाव्यासाठी तर अ‍ॅसिड पण लागलं नाही, पाण्यात भिजवून चाळण्यांतून काढला. चाळणीत उरलेलं वाटीत घेऊन बघत बसलो मी, तूस, काड्या, कसल्यातरी बिया, कुणीतरी हे पायाने तुडवून कालवलंय हे डोळ्यांसमोर येतं. तंतू कुठल्या झाडाचा हे मायक्रोस्कोपखाली कळतं, आणि हे हलक्यात घेऊ नका. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते हे अशाच तपासणीतून कळलं, २०१६ मध्ये त्यावर पेपर आला, आणि त्यात एक मुद्दा असा होता की अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किड्यांनी बरंच नुकसान केलंय. आमच्याकडे भांग निघाली नाही, तूस आणि गवत. जे निघालं तेच वापरलं.

गूळ-हिरड्याचं विचारणारे येणारच कमेंटमध्ये, म्हणून सांगून टाकतो. मी पण विचारलं होतं, चुन्यात गूळ, हिरडा, सरस काय घातलं होतं. पहिल्या रिपोर्टमध्ये "सेंद्रिय घटक: होय" एवढंच. म्हणजे? माझी टेप पण सेंद्रियच आहे की. दुसऱ्या लॅबने स्पष्ट सांगितलं की साखर पाण्यात विरघळणारी वस्तू आहे, ओल्या भिंतीत शतकभर थांबत नाही, सापडली नाही म्हणजे घातली नव्हती असं होत नाही, आणि आम्ही गूळ होता असं लिहून देणार नाही. रंगाच्या बाइंडरसाठी, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थासाठी, जीसी-एमएस (सेंद्रिय पदार्थ वेगळे करून ओळखायची टेस्ट) केलं, त्यात हायड्रॉक्सीप्रोलिन हे जनावराच्या कातडी-हाडातल्या प्रथिनाची खूण असलेलं अमिनो आम्ल मिळालं थोडं, म्हणजे जनावरी सरस. पण ते मूळ चित्रकाराचं की नंतर कुणी पापुद्रे चिकटवायला लावलेलं, हे सांगता येत नाही असं त्यांनी लिहून दिलं. क्रॉस-सेक्शनमध्ये चुना आणि रंग यांच्यात रेघ मारल्यासारखी स्वच्छ हद्द होती, म्हणजे रंग सुकलेल्या चुन्यावर दिलाय, ओल्यात मुरलेला नाही, त्यामुळे पाण्याने पुसायचं डोक्यातून काढून टाका हे मात्र ठामपणे सांगितलं. मला अशीच भाषा हवी होती, कुठे ठाम, कुठे नाही ते वेगवेगळं.

आता तक्रारी, कारण ही जाहिरात नाहीये. एक तर वेळ, तीन महिने सांगितले आणि साडेचार लागले. जीसी-एमएस बाहेर पाठवतात हे आधी सांगितलं नव्हतं, निम्मा उशीर तिथला. रिपोर्ट ६० पानांचा, पण कुठलं सॅम्पल भिंतीवर नक्की कुठून काढलं त्याचा फोटो रिपोर्टमध्येच नाही, मी दिलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन फाइल उघडून जुळवत बसा. रामनचे ग्राफ फक्त चित्र म्हणून दिले, मूळ डेटा मागितल्यावर आठवड्याने मिळाला. आणि भाषा! ज्याला हे वाचून उद्या थापी हातात घ्यायचीय त्याच्यासाठी एक पान साधं लिहायला काय हरकत होती, शेवटी मीच ते लिहून गवंडीमामांना वाचून दाखवलं. मामांनी चाळणीचं टेबल सोडून सगळ्यावर मान डोलावली, चाळणीच्या टेबलावर मात्र म्हणाले ही वाळू नदीची दिसत नाही, ओढ्याची आहे, आणि ते बरोबर निघालं, रिपोर्टच्या ४१ व्या पानावर लिहिलंय, दाणे कमी घासलेले, कोनदार, स्थानिक स्रोत.

पाचपैकी चार स्टार दुसऱ्या लॅबला. पहिलीला एक, तो पण त्या नम्र मुलासाठी. तुम्ही कुठेही गेलात तरी पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की क्रॉस-सेक्शन करता का, की थेट बारीक करता. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला तर फोन ठेवा. उरलेलं सॅम्पल परत मागा, आणि ते रेझिनचे ठोकळे तर नक्कीच मागा, त्यावर उद्या दुसरी टेस्ट करता येते. माझे सहा ठोकळे काडेपेटीएवढ्या डबीत आलेत, टेबलावर आहेत, शेंदराचा ठोकळा मी अधूनमधून भिंगाखाली धरतो, काही कारण नसताना.

हिरव्याची दोन सॅम्पल पुढच्या महिन्यात पाठवायची आहेत. यावेळी काचेच्या कुपीत, टेपचं रीळ साइटवरून घरी नेऊन ठेवलंय.